पिल्लाला घरच्या घरी शिकवताना : आधी कृती, मग शब्द

कुत्र्याचे पिल्लू घरी येऊन चार दिवस झाले की बहुतेक घरांत एकच प्रसंग घडतो. एक जण त्याला 'सिट' म्हणतो, दुसरा 'बस' म्हणतो, तिसरा 'बस ना रे, बस की आता' अशी विनवणी करतो, आणि पिल्लू तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहून शेवटी कोणाच्या तरी चपलेचा पट्टा चावायला निघून जाते. मग 'हे फार हट्टी आहे' असा शिक्का त्याच्यावर बसतो. वस्तुतः त्या पिल्लाच्या कानांवर तीन वेगवेगळे आवाज पडलेले असतात आणि त्यांपैकी एकाचाही अर्थ त्याला कोणी दाखवून दिलेला नसतो. आपण काही केले आणि त्यानंतर लगेच काय घडले, यावरून पिल्लू जग समजून घेते. म्हणून शिकवण्याचा क्रम आपल्या सवयीच्या उलटा ठेवावा लागतो: अगोदर कृती घडवून आणायची, ती केल्यावर काहीतरी चांगले मिळते हे पिल्लाला उमगू द्यायचे, आणि ती हमखास घडू लागली की मगच तिला नाव द्यायचे. बरणीत लोणचे भरण्यापूर्वी तिच्यावर चिठ्ठी डकवण्यात काही अर्थ नसतो, तसेच हे आहे.

वय, वेळ आणि जागा

पिल्लू साधारण ८ आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळ राहणे इष्ट असते. त्यानंतर ज्या दिवशी ते घरी येते त्या दिवसापासून ते शिकू लागते, मग आपण शिकवत असू वा नसू. 'सहा महिन्यांचे होऊ द्या, मग बघू' हा सल्ला अजूनही ऐकू येतो. तो ज्या काळी रूढ झाला त्या काळी शिकवणे म्हणजे गळ्यातला पट्टा हिसडून धाक दाखवणे असे, आणि तो धाक कोवळ्या पिल्लाला सोसणार नाही हे उघडच होते. खाऊ देऊन शिकवायचे असेल तर थांबण्याचे कारण उरत नाही. उलट वयाच्या ३ ते १२-१४ आठवड्यांचा काळ हा पिल्लाने माणसे, आवाज, निरनिराळ्या जमिनी, छत्र्या, झाडू, कुकरची शिट्टी अशा सर्व गोष्टींशी निर्भयपणे ओळख करून घेण्याचा असतो. अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन स्कॉट आणि जॉन फुलर या दोघांनी वर्षानुवर्षे पिल्ले वाढवून जी निरीक्षणे केली आणि १९६५ साली प्रसिद्ध केली, त्यांतून या संवेदनक्षम काळाचे महत्त्व सर्वमान्य झाले. अडचण एवढीच की लसीकरणाची मालिका साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालते आणि तोवर अनोळखी कुत्र्यांचा वावर असलेल्या जमिनीवर पिल्लाला सोडणे धोक्याचे असते. त्यामुळे या काळात बाहेरचे जग त्याला कडेवर घेऊन दाखवावे, किती मोकळीक द्यायची ते पशुवैद्यकांना विचारून ठरवावे, आणि शिकवणी घरातच घ्यावी.

एका बैठकीला ३ ते ५ मिनिटे पुरेशी आहेत आणि अशा बैठका दिवसातून चार-पाच वेळा घ्याव्यात. अर्धा तास सलग घेतलेल्या शिकवणीत शेवटची पंचवीस मिनिटे पिल्लू फक्त दुर्लक्ष करायला शिकते. झोपून उठल्यावर, शी-शू आटोपल्यावर आणि जेवणाच्या थोडे आधी ही वेळ उत्तम. या वयाचे पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपते हे अनेकांना ठाऊक नसते, आणि संध्याकाळी सैरावैरा धावत दिसेल त्याला चावणारे पिल्लू पुष्कळदा खोडकर नसून निव्वळ पेंगुळलेले असते. अशा वेळी त्याला शिकवू नये, झोपवावे. शिकवण्याची जागा लहान आणि कंटाळवाणी असावी: टीव्ही बंद, खेळणी उचललेली, मुले दुसऱ्या खोलीत. फरशी गुळगुळीत असेल तर सतरंजी किंवा पायपुसणे अंथरावे, कारण बसताना मागचे पाय घसरू लागले तर पिल्लू बसणेच टाळू लागते.

खाऊ आणि खुणेचा शब्द

शांत खोलीत पिल्लाच्या रोजच्या खाण्यातले कोरडे दाणेही बक्षीस म्हणून चालतात. लक्ष विचलित करणाऱ्या जागी मात्र मीठमसाल्याविना उकडलेल्या चिकनसारखे काहीतरी वासाचे आणि अधिक मोलाचे लागते. तुकडा वाटाण्याएवढा किंवा त्याहूनही लहान असावा, आणि तो चावत बसावा न लागता चटकन गिळला जाईल इतका मऊ असावा. दिवसभराच्या आहारात अशा खाऊचा वाटा एक दशांशाहून अधिक होऊ देऊ नये आणि तेवढे जेवण कमी करावे. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल हा साखरेऐवजीचा गोड पदार्थ घातलेले कोणतेही पदार्थ कुत्र्यांना विषारी आहेत. घरातल्या लहान मुलांना ही यादी तोंडपाठ करून द्यावी, कारण खाऊ देण्याचा उत्साह त्यांनाच सर्वांत जास्त असतो.

खाऊ किती मोलाचा आहे यापेक्षा तो कोणत्या क्षणी मिळाला याला अधिक महत्त्व आहे. समजा, पिल्लाचे बूड जमिनीला टेकले. तुम्ही आनंदाने 'अगं बाई, बसला की!' म्हणालात, ओट्यावरचा डबा घेतला, झाकण उघडले, तुकडा काढला आणि वळलात. एवढ्यात चार सेकंद गेले, पिल्लू उठून तुमच्या गुडघ्यावर पुढचे दोन्ही पाय टेकून उभे राहिले आणि तुकडा त्याला त्या अवस्थेत मिळाला. तुमच्या हिशेबी ते बसण्याचे बक्षीस होते. पिल्लाच्या हिशेबी ते गुडघ्यावर चढण्याचे होते, आणि खातेवही त्याचीच चालते. पुढे महिनाभराने पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारणाऱ्या कुत्र्याबद्दल जी तक्रार होते तिचे मूळ अशा चार सेकंदांत असते.

यावर उपाय म्हणजे खुणेचा एक शब्द ठरवणे. कृती घडली त्याच क्षणी तो शब्द उच्चारायचा आणि मग सावकाश दोन सेकंदांनी तुकडा दिला तरी चालतो, कारण नेमक्या कोणत्या क्षणासाठी खाऊ मिळाला हे त्या शब्दाने पिल्लाला सांगून टाकलेले असते. 'हो' किंवा 'छान' हे शब्द आपण दिवसभर वापरतो, म्हणून ते यासाठी निकामी. अनेक जण 'येस' म्हणतात आणि तो एकाच सुरात, तुटकपणे म्हटला तर चांगला चालतो. काही जण शब्दाऐवजी टिकटिक आवाज करणारे क्लिकर वापरतात, वर्तनशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनी १९४०च्या दशकात प्राणी शिकवताना अशा खुणेच्या आवाजाचा पद्धतशीर वापर सुरू केला. शब्द असो वा क्लिकर, पहिल्या दिवशी पिल्लाकडून काहीही न मागता 'येस' म्हणावे आणि लगेच तुकडा द्यावा, असे दहा-पंधरा वेळा करावे. घंटेचा आवाज आणि अन्न यांची सांगड घालून रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटू लागले होते. इथे तोच नियम आपण कामाला लावतो. शब्द ऐकताच पिल्लू मान वळवून तुमच्या हाताकडे पाहू लागले की तो शब्द तयार झाला असे समजावे.

शब्द निवडताना

मराठी घरात एक खास अडचण येते. आपण 'बस' हा शब्द पाहुण्यांना, मुलांना, वाढणाऱ्या हाताला थांबवताना आणि भांडण संपवताना वापरतो. 'ये' दिवसातून शंभरदा म्हणतो. आणि क्रियापदाला 'ना', 'की', 'रे', 'गं', 'बरं' अशी शेपटे जोडल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. माणसाला 'बस', 'बैस', 'बसतोस का' आणि 'बस बघू' यांतला सारखेपणा कळतो, पिल्लाला कळत नाही. म्हणूनच अस्सल मराठी घरांतही कुत्र्याशी 'सिट' आणि 'कम' असे इंग्रजीत बोलले जाते, आणि त्यावर हसण्यापेक्षा त्यामागचे शहाणपण ओळखावे: तो शब्द घरात दुसऱ्या कशासाठीही वापरला जात नाही. मराठी शब्दच वापरायचे असतील तर खुशाल वापरावेत, मात्र ते शेपटाशिवाय, एका ठरावीक सुरात आणि घरातल्या प्रत्येकाने तसेच वापरावेत. ठरलेले शब्द कागदावर लिहून फ्रीजवर लावणे हा बालिश वाटणारा पण अतिशय उपयोगी उपाय आहे.

नाव ठेवतानाही हेच भान ठेवावे. दोन अक्षरी, ठसठशीत नाव उत्तम. पण 'सोनू' असे नाव ठेवून 'सोड' ही आज्ञा शिकवायला घेतली तर पहिल्या अक्षरालाच घोटाळा होतो. नाव ही पिल्लाची पहिली आज्ञा आहे आणि तिचा अर्थ 'माझ्याकडे पाहा' एवढाच आहे. एकदाच नाव घ्यावे, पिल्लाने पाहिले की 'येस' म्हणावे आणि तुकडा द्यावा. पाहिले नाही तर नावाचा जप न करता जिभेने टकटक आवाज करून किंवा मांडीवर थाप मारून लक्ष वेधावे. रागावताना नाव घेऊ नये, हे सांगायला सोपे आणि पाळायला फार अवघड आहे.

'बस'

पिल्लासमोर गुडघ्यांवर बसावे. तुकडा अंगठा आणि दोन बोटे यांच्यात धरून त्याच्या नाकाला जवळजवळ टेकवावा, म्हणजे नाक त्या तुकड्याला चुंबकासारखे चिकटते. आता हात सावकाश वर आणि किंचित मागे, दोन कानांच्या मधोमध न्यावा. नाक वर उचलले जाते, मान मागे कलते आणि तोल सावरण्यासाठी मागचे पाय आपोआप दुमडतात. बूड जमिनीला टेकते त्याच क्षणी 'येस', आणि तुकडा पिल्लू बसलेले असतानाच तोंडात. हात फार उंच गेला तर पिल्लू उडी मारते, फार वेगाने मागे गेला तर ते उलटे चालू लागते. दोन्ही वेळा चूक हाताची असते. पिल्लू मागे सरकत राहिले तर त्याला भिंतीच्या कोपऱ्यात पाठ करून उभे करावे. कमरेवर हात ठेवून खाली दाबू नये. एक तर दाबले की पिल्लू उलट जोर लावते, आणि दुसरे म्हणजे वाढत्या वयातल्या कमरेच्या सांध्यांवर असा भार टाकणे बरे नव्हे.

पाच-सहा वेळा असे झाल्यावर हातात तुकडा न घेता तीच हालचाल करावी आणि बसल्यावर दुसऱ्या हातातला तुकडा द्यावा. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग 'खाऊ दिसल्याशिवाय हे ऐकतच नाही' असे म्हणतात. रिकाम्या हाताच्या खुणेने पिल्लू दहांपैकी आठ-नऊ वेळा बसू लागले की शब्दाची पाळी येते. आधी 'बस' म्हणावे, सेकंदभर हात मुळीच हलवू नये, मग हाताची खूण करावी. शब्द आणि खूण एकाच वेळी दिली तर पिल्लू खूणच पाहते आणि शब्द त्याच्या लेखी नुसता गोंगाट ठरतो. थोडा अवकाश ठेवला तर दोन-चार दिवसांत शब्दानंतर खूण येणार हे ते ओळखते आणि खुणेची वाट न पाहता बसते. तो पहिला प्रसंग पाहण्यासारखा असतो: शब्द ऐकल्यावर पिल्लू क्षणभर गोठते, कपाळावर आठी पडल्यासारखी दिसते, आणि मग अगदी हळू, खात्री नसल्यासारखे बूड खाली जाते. त्या वेळी एकाऐवजी चार तुकडे द्यावेत.

प्राणी माणसाच्या अंगाची हालचाल किती बारकाईने वाचतात याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बर्लिनमधला 'हुशार हान्स' नावाचा घोडा. तो खुराने ठोके देऊन गणिते सोडवतो असे मानले जाई; मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली दाखवून दिले की तो प्रश्नकर्त्याच्या डोक्याच्या नकळत होणाऱ्या सूक्ष्म हालचाली पाहून ठोके थांबवत असे. आपल्या पिल्लाला शब्द कळला आहे की आपली किंचित वाकलेली कंबर कळली आहे, हे तपासायचे असेल तर हात पाठीमागे बांधून, किंवा खुर्चीवर बसून, किंवा पाठमोरे उभे राहून शब्द उच्चारून पाहावा. निकाल बहुधा नम्र करणारा असतो.

शब्द एकदाच म्हणावा. 'बस, बस, अरे बस' असे तीनदा म्हटल्यावर पिल्लू बसले तर त्याने शिकलेली आज्ञा 'बसबसअरेबस' ही असते. एकदा म्हणून तीन सेकंद थांबावे, काही झाले नाही तर हाताच्या खुणेने मदत करावी आणि पुढच्या खेपेला काम सोपे करून मागावे.

आमच्या घरी पहिल्या पिल्लाला मी स्वयंपाकघराच्या दारातल्या निळ्या पायपुसण्यावर बसायला शिकवले होते. आठवड्याभरात ते इतके पटकन बसू लागले की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे ठरवले, आणि दिवाणखान्यात सर्वांसमोर 'बस' म्हटल्यावर ते उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले, पायपुसण्यावर बसले आणि तिथून आमच्याकडे पाहू लागले. त्याचे काहीही चुकले नव्हते. कुत्री एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी आपोआप लागू करत नाहीत. खोली, माणूस, माणसाची उभे राहण्याची तऱ्हा, पायांखालची जमीन हे सर्व त्यांच्या मते आज्ञेचाच भाग असते. म्हणून प्रत्येक आज्ञा निदान पाच-सहा जागी, घरातल्या प्रत्येक माणसाकडून, दरवेळी थोडी मागच्या पायरीपासून पुन्हा शिकवावी लागते.

'आडवा'

बसलेल्या पिल्लाच्या नाकापासून तुकडा सरळ खाली, पुढच्या दोन पायांच्या मधे जमिनीपर्यंत न्यावा आणि तिथून हळूहळू स्वतःकडे ओढावा. कोपरे टेकली की 'येस'. काही पिल्ले बूड वर ठेवून नुसते डोके खाली घालतात; त्यांच्यासाठी जमिनीवर बसून एक गुडघा दुमडावा आणि त्या कमानीखालून तुकडा पलीकडे न्यावा, म्हणजे आडवे झाल्याशिवाय त्याखालून जाता येत नाही. यासाठी 'खाली' हा शब्द वापरू नये, तो सोफ्यावरून उतरवण्यासाठी लागतो.

'थांब' आणि सुटकेचा शब्द

'थांब' शिकवताना वेळ, अंतर आणि व्यत्यय अशा तीन गोष्टी असतात आणि एका वेळी त्यांपैकी एकच वाढवायची असते. पहिल्या दिवशी पिल्लाला बसवावे, तळहात त्याच्यासमोर धरावा, एक सेकंद थांबावे, 'येस' म्हणून तुकडा द्यावा. मग दोन सेकंद, मग तीन, मग पुन्हा एक, कारण सतत अवघडच होत जाणारा खेळ कोणालाच आवडत नाही. जवळ उभे राहून दहा सेकंद जमू लागले की वेळ पुन्हा एका सेकंदावर आणून एक पाऊल मागे जावे आणि परत यावे. व्यत्यय, म्हणजे उडी मारणे, चेंडू ठेवणे, दार उघडणे, सर्वांत शेवटी. बक्षीस देण्यासाठी नेहमी आपण पिल्लाकडे परत जावे. लांबून बोलावून खाऊ दिला तर ते थांबण्याऐवजी निघण्याच्या तयारीत बसू लागते.

थांबणे कधी संपले हे सांगणारा शब्द नसेल तर 'थांब'ला काही अर्थ उरत नाही, कारण मग ते केव्हा उठायचे हे पिल्लूच ठरवते. हा शब्द मी आधी 'ओके' असा ठेवला होता. एके दिवशी पिल्लाला उघड्या दाराशी थांबवून मी फोनवर बोलत होते आणि पलीकडच्या माणसाला 'ओके' म्हटले. पिल्लू त्या क्षणी दाराबाहेर, आणि मी फोन हातात धरून जिन्यावर त्याच्या मागे. तेव्हापासून आमच्या घरी सुटकेचा शब्द 'सुट्टी' असा आहे. तो फोनवर क्वचितच येतो, आणि त्याचा अर्थ मुलांनाही वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

'ये'

बाकी सर्व आज्ञा विसरल्या तरी निभावते. ही एक मात्र एखाद्या दिवशी रस्त्याच्या कडेला पिल्लाचा जीव वाचवते, म्हणून तिच्यावर सर्वाधिक वेळ खर्च करावा. तिचा नियम एकच आहे: 'ये' म्हटल्यावर जवळ आलेल्या पिल्लाचे कधीही काही वाईट होता कामा नये. आंघोळ, नखे कापणे, औषध, पिंजऱ्यात बंद करणे, आणि 'ये इकडे, हे काय केलंस?' असे रागावणे, यांपैकी कशासाठीही हा शब्द वापरू नये. अशा कामासाठी आपण उठून त्याच्याकडे जावे आणि त्याला उचलून आणावे. मी हे शिकले ते किंमत मोजून. लागोपाठ तीन आंघोळींच्या वेळी मी गोड आवाजात 'ये' म्हणून पिल्लाला बोलावले आणि चौथ्या खेपेला 'ये' ऐकताच ते पलंगाखाली शिरले, आंघोळ नसतानाही. एकदा असा शब्द नासला की तो दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवा शब्द घेऊन पहिल्यापासून सुरुवात करणे सोपे पडते, आणि मी तेच केले.

सुरुवात दोन माणसांनी घरातल्या बोळात किंवा लांबट खोलीत समोरासमोर दोन मीटरवर बसून करावी. एकाने पिल्लाला हलके धरावे, दुसऱ्याने हात पसरून, उत्साहाने नाव आणि 'ये' म्हणावे. पिल्लू धावत आले की 'येस', एका हाताने गळपट्टा हळुवार धरावा आणि दुसऱ्या हाताने तुकडा द्यावा. गळपट्टा धरण्याचा हा भाग गाळू नये, नाहीतर तुकडा पळवून हाताबाहेर निसटण्याची कला पिल्लू शिकते. मग दुसऱ्याने बोलवावे. अंतर हळूहळू वाढवावे, नंतर एकाने दाराआड लपून बोलवावे, आणि या खेळात पिल्लाला कंटाळा येण्याच्या आधीच थांबावे.

लसीकरण पूर्ण झाल्यावर मोकळ्या जागेत हाच सराव ५ ते १० मीटर लांबीच्या हलक्या दोरीने करावा. दोरी गळपट्ट्याला न बांधता छातीच्या हार्नेसला बांधावी, म्हणजे धावत सुटलेल्या पिल्लाच्या मानेला हिसका बसत नाही. पिल्लू आले नाही तर त्याच्यामागे धावू नये, कारण पाठलाग हा त्याचा सर्वांत आवडता खेळ आहे. उलट दिशेला पळत सुटावे, खाली बसावे, जमिनीवर काहीतरी सापडल्याचे नाटक करावे. ते आले की, कितीही उशिरा आले असले तरी, बक्षीस द्यावे. आणि दहांपैकी आठ-नऊ वेळा त्याला खाऊ देऊन लगेच 'सुट्टी' म्हणून पुन्हा खेळायला सोडावे. 'ये' म्हटले की खेळ संपतो आणि दोरी लागते, असा अनुभव आला तर कोणतेही शहाणे पिल्लू येणार नाही. हवीहवीशी गोष्ट ही नकोशा किंवा कंटाळवाण्या गोष्टीचे बक्षीस म्हणून वापरता येते, हे तत्त्व मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेमॅक यांनी १९५९ साली मांडले. 'आधी भाजी संपव, मग गोड' म्हणणाऱ्या आयांना ते पूर्वीपासून ठाऊक होतेच.

'सोड' आणि चावणे

पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी ४२ कायमचे दात येतात. या काळात ते चावणारच, म्हणून चावण्याजोगी खेळणी सतत हाताशी ठेवावीत. हाताला दात लागले की खेळ थांबवून, न बोलता, अर्धा मिनिट उठून दूर जावे. पिल्लाने उचललेला मोजा त्याच्या तोंडातून खेचू नये; खेचाखेचीने मोज्याची किंमत वाढते, आणि पुढे हेच कुत्रे तोंडातली वस्तू राखत गुरगुरू लागते. त्याऐवजी नाकासमोर खाऊ धरावा, तोंड उघडून वस्तू पडली की 'येस' म्हणून खाऊ द्यावा आणि शक्य असेल तेव्हा ती वस्तूही परत द्यावी. देवघेव हमखास होऊ लागली की 'सोड' हा शब्द खाऊ दाखवण्याच्या एक सेकंद आधी म्हणायला लागावे. जमिनीवर पडलेली औषधाची गोळी पिल्लाने उचलली त्या दिवशी या सरावाचे मोल कळते.

मारणे, धाक आणि 'मीच म्होरक्या' ही कल्पना

शू केलेल्या जागी पिल्लाचे नाक घासणे, वर्तमानपत्राच्या गुंडाळीने मारणे, पाठीवर पालथे पाडून धरणे हे प्रकार अजूनही सुचवले जातात. नीतीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी ते उपयोगाचे नाहीत, कारण शिक्षेलाही तोच नेमक्या क्षणाचा नियम लागू असतो आणि माणूस बहुधा दहा मिनिटांनी पोहोचतो. पिल्लाला त्यातून एवढेच कळते की हा माणूस अधूनमधून विनाकारण भयंकर होतो, आणि यापुढे शू करायची ती त्याच्या नजरेआड, सोफ्यामागे. 'कळपात म्होरक्या धाकाने राज्य करतो' ही कल्पना पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणांवर उभी होती. तिचा प्रसार ज्यांच्या १९७०च्या पुस्तकामुळे झाला त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच पुढे रानातल्या लांडग्यांचा अभ्यास करून १९९९ साली लिहिले की तिथला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले असे साधे कुटुंब असते. चुकीच्या कृतीला बक्षीस मिळू न देणे आणि योग्य कृती आधीच सुचवणे एवढे पुरते. लक्ष वेधण्यासाठी भुंकणाऱ्या पिल्लाकडे दुर्लक्ष करायला घेतले की दोन-तीन दिवस ते आधीपेक्षा जास्त भुंकते. हा उपाय फसल्याचा पुरावा नसून तो लागू पडत असल्याचा असतो, मात्र त्याच दिवसांत घरातला एखादा माणूस वैतागून त्याला उचलून घेतो आणि सारे मुसळ केरात जाते.

पुढचे काही महिने

आज्ञा घरात पक्की झाल्यावर दरवेळी खाऊ देण्याची गरज नसते. कधी दुसऱ्यांदा, कधी पाचव्यांदा, कधी नुसती पाठ थोपटून, कधी दार उघडून बाहेर सोडून, असे अनियमित बक्षीस द्यावे. 'ये'ला मात्र शक्यतो प्रत्येक वेळी द्यावे. चांगले बसणारे पिल्लू एकाएकी बसायला नकार देऊ लागले, किंवा एका अंगावर कलून बसू लागले, तर शिकवणी थांबवून पशुवैद्यकांना दाखवावे. कंबर किंवा गुडघा दुखत असण्याची शक्यता असते.

आणि सहाव्या ते आठव्या महिन्याच्या सुमारास सारे शिकवलेले वाहून गेल्यासारखे वाटण्याचा काळ येतो. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५ महिन्यांच्या वयात आपल्या माणसाचे ऐकून बसणारी कुत्री ८ महिन्यांच्या वयात त्याच माणसाची तीच आज्ञा अधिक वेळा धुडकावताना दिसली, आणि गंमत म्हणजे परक्या माणसाने सांगितले तर मात्र ती ऐकत होती. वयात येणाऱ्या मुलांच्या पालकांना यात काही नवे वाटणार नाही. या काळात आवाज चढवू नये. लांब दोरी पुन्हा बाहेर काढावी, खिशात चांगल्या प्रतीचा खाऊ ठेवावा, पिल्लू मोकळे असताना येईल याची खात्री नसेल तर 'ये' हा शब्द उच्चारूच नये, आणि घरातल्या त्याच बोळात, दोन मीटरवर बसून, पहिल्या दिवसासारखी सुरुवात करावी.